मोटारीचे दिवे आणि त्यांचे दोष : परतीची वाट

या लेखांकात रिलेच्या रचनेचे विवेचन योजिले होते. परंतु फ्यूजविषयीचा मागील लेखांक वाचून रत्नागिरीच्या एका वाचकाने पाठविलेला प्रश्न इतका मार्मिक आहे की, रिलेचा विषय पुढे ढकलून हा संपूर्ण लेखांक त्यालाच देणे उचित ठरते. त्यांच्या गाडीस एच-४ प्रकारचे बल्ब आहेत. डिपर लावला असता उजवा दिवा नीट जळतो, डावा मात्र अगदी मंद व तांबूस दिसतो आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरील अप्परचा निळा दिवा अंधुक उजळतो. बल्ब बदलून झाला, फ्यूज शाबूत आहे आणि बल्ब काढून होल्डरच्या डिपरच्या पिनेवर मीटर लावला की १२ व्होल्टही मिळतात.

हे कोडे सोडविण्यासाठी बल्बची रचना ध्यानात घ्यावी लागते. एच-४ बल्बमध्ये दोन तंतू, म्हणजे फिलामेंट, असतात : डिपरचा ५५ वॉटचा आणि अप्परचा ६० वॉटचा. दोन्ही तंतूंची एकेक बाजू स्वतंत्र पिनेवर निघते आणि उरलेल्या दोन बाजू आत जोडून तिसऱ्या, सामाईक पिनेवर आणलेल्या असतात. ही सामाईक पिन बहुतेक गाड्यांत एका आखूड वायरने बोल्टाखाली पत्र्याला जोडलेली असते. तिलाच बॉडी अर्थ म्हणतात. तेथून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत परतीच्या वायरचे काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो.

आता डाव्या दिव्याची अर्थ तुटली आहे असे धरले, तर डिपरच्या तंतूतून आलेल्या प्रवाहाला सामाईक पिनेवरून पत्र्याकडे जाता येत नाही. म्हणून तो त्याच बल्बमधील अप्परच्या तंतूतून उलट दिशेने अप्परच्या वायरमध्ये शिरतो आणि तेथून उजव्या दिव्याच्या अप्पर तंतूतून, तसेच अल्पांशाने डॅशबोर्डवरील निळ्या दिव्यातून, अर्थला पोहोचतो. तीन तंतू असे एकापुढे एक आल्यामुळे १२ व्होल्टचे विभाजन होऊन प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळमानाने ४ व्होल्टच येतात. डाव्या दिव्याची तांबूस झाक आणि निळ्या दिव्याचे अकारण उजळणे ही दोन वेगळी लक्षणे नसून एकाच दोषाची दोन रूपे आहेत.

या निदानाची एक सुरेख कसोटी आहे. डिपर चालू असतानाच पासिंग दिले आणि त्या गाडीत पासिंगच्या वेळी डिपर बंद होत नसेल, तर डावा दिवा अधिक उजळण्याऐवजी पूर्ण विझतो. कारण आता डिपर व अप्पर या दोन्ही पिनांवर १२ व्होल्ट असतात आणि दोन्ही टोकांना समान व्होल्टेज असले की तंतूंतून प्रवाह वाहतच नाही.

अर्थ पूर्ण तुटलेली नसून केवळ क्षीण झालेली असली, तर मात्र दोष अधिक फसवा ठरतो. डिपरचा तंतू सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या बोल्टापाशी अवघा ०.२ ओहम रोध असला, तरी तेथे सुमारे ०.९ व्होल्ट खर्च होतात. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्याने एवढ्याने तो सुमारे एक-पंचमांश घटतो. हा रोध मीटरच्या ओहम पट्टीवर सहसा पकडता येत नाही, कारण मीटरच्या वायरींचा स्वतःचाच रोध जवळजवळ तेवढा असतो. बल्ब काढून व्होल्टेज मोजण्याचाही येथे उपयोग नाही, कारण डिजिटल मीटर नगण्य प्रवाह घेतो आणि प्रवाहच नसेल तर रोधापाशी व्होल्टेज खर्च होत नाही. वाचकाला मिळालेले १२ व्होल्ट खरेच होते. परंतु त्यांनी येणाऱ्या वाटेविषयीच सांगितले, तेही भार नसताना, आणि परतीच्या वाटेविषयी काहीच नाही.

म्हणून तपासणी दिवा जळत असतानाच करावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकावर, क्लँपवर नव्हे तर थेट शिशाच्या खुंटावर, टेकवावी आणि लाल वायर होल्डरच्या मागील बाजूने सामाईक पिनेला लावावी. आकडा शून्याच्या जवळ असावा, तो ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ संशयास्पद समजावी आणि कित्येक व्होल्ट दिसले तर ती तुटलेलीच समजावी. त्यानंतर लाल वायर पिनेवरून वायरच्या लगवर, लगवरून बोल्टावर, बोल्टावरून उघड्या पत्र्यावर अशी क्रमाने सरकवीत न्यावी. ज्या दोन जागांच्या दरम्यान आकडा एकदम खाली येतो, तेथेच दोष असतो.

कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष वारंवार आढळतो, कारण तांब्याचा लग आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये खारट ओल शिरली की त्यांचा विद्युतघट बनतो आणि त्यात लोखंड झिजते. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत बोल्टाखाली राहिलेला रंगाचा थरही हाच परिणाम घडवितो. उपाय स्वस्त आहे : बोल्ट काढून लग व पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावेत, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावावी.

एक अपवाद अवश्य ध्यानात ठेवावा. अनेक जपानी बनावटीच्या गाड्यांत सामाईक पिनेवर धन पुरवठा येतो आणि परतीचा प्रवाह स्विचमधून जातो; तेथे वरील मोजणी सामाईक पिनेवर न करता चालू तंतूच्या दुसऱ्या पिनेवर करावी लागते. म्हणून मीटर लावण्यापूर्वी त्या गाडीची वायरिंग आकृती पाहणे हितावह ठरते. पुढील लेखांकात रिले निश्चित घेतला जाईल, आणि त्याच्या कॉइललाही परतीची वाट लागत असल्याने आजची मोजणी तेथे पुन्हा उपयोगी पडेल.