सात आखूड, एक लांब : क्रूझवर धोक्याचा भोंगा वाजला तर घरच्यांनी काय करायचं?



मागच्या भागानंतर इंदूरहून एका ताईंचा निरोप आला. त्या लिहितात, "दिवाळीत आम्ही आठ जण मुंबईहून क्रूझला जातोय. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि दोन मुलं. धाकटी सहा वर्षांची आहे. जहाजावर मुलांसाठी खेळायची वेगळी खोली असते म्हणे. समजा ती तिथे असताना धोक्याचा भोंगा वाजला, तर मी आधी धावत जाऊन तिलाच आणायचं ना?"

प्रश्न अगदी आईचा आहे. त्याचं उत्तर मात्र कुठल्याही आईला पटकन रुचणार नाही असं आहे, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो. आपली माणसं आता बडोदा, हैदराबाद, बंगळुरू अशी सगळीकडून क्रूझला जातात. कपडे काय घ्यायचे, शाकाहारी जेवण मिळेल का, हे सगळं विचारून घेतात. हा एक विषय तेवढा राहून जातो.

भोंगा नेमकं काय सांगतो?

जहाजावर बरेच आवाज होत असतात. बंदर सोडताना भोंगा वाजतो, धुक्यात वाजतो. पण एक खूण जगभर सारखी आहे : सात किंवा त्याहून जास्त आखूड भोंगे आणि लगेच एक लांब भोंगा. तो जहाजाच्या मोठ्या भोंग्यावरही वाजतो आणि आतल्या घंटांवरही. भाषा कळो न कळो, ही खूण कळली पाहिजे. मुलांना घरीच तोंडाने वाजवून दाखवा. दोनदा खेळ म्हणून केलं की त्यांच्या कायमचं लक्षात राहतं.

आता यातला सगळ्यात मोठा गैरसमज. या भोंग्याचा अर्थ "जहाज सोडा" असा नाही. अर्थ एवढाच की "आपापल्या जमायच्या जागी या." त्या जागेला मस्टर स्टेशन म्हणतात. जहाज सोडायचा हुकूम वेगळा असतो, तो कप्तानाकडून येतो आणि तोंडी जाहीर होतो. बहुतेक वेळा तिथवर गोष्ट जातच नाही.

एक उदाहरण सांगतो. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रात 'स्टार प्रिन्सेस' नावाच्या जहाजाला पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. प्रवासी गाढ झोपेत होते. बाल्कनीत लागलेली आग बघता बघता शेजारच्या अनेक केबिनमध्ये पसरली. भोंगा वाजला, अडीच हजारांहून जास्त प्रवासी आपापल्या जागी जमले आणि कित्येक तास तिथे थांबले. आग विझवली गेली आणि जहाज स्वतःच्या बळावर जमैकाच्या बंदरात पोचलं. एका प्रवाशाचा धुरामुळे मृत्यू झाला. पण होड्यांमध्ये बसायची वेळ कुणावरच आली नाही. म्हणजे भोंगा वाजला म्हणून जहाज बुडालंच, असं धरून चालू नका. आणि "काही नसेल, उगाच वाजवतात" म्हणून पांघरूण ओढून झोपूही नका.

तो उशीर आणि तो सराव

दुसरं उदाहरण जड आहे, पण सांगायलाच हवं. १३ जानेवारी २०१२, इटलीचा किनारा, 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'. जहाजावर ४,२०० च्या वर माणसं. रात्री पावणेदहाच्या सुमारास, लोक जेवणाच्या टेबलावर असताना, जिल्यो बेटाजवळ जहाज खडकावर घासलं. दिवे गेले. प्रवाशांना सांगितलं गेलं की विजेचा बिघाड आहे. काहींना तर केबिनमध्ये परत जायला सांगण्यात आलं. धोक्याचा भोंगा वाजला तो साडेदहानंतर, म्हणजे पाऊण तास उलटून गेल्यावर. तोवर जहाज कलायला लागलं होतं. ३२ माणसं गेली. त्यांत पाच वर्षांची एक मुलगी आणि तिचे वडील होते. सगळ्यात शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ज्याचे अवशेष सापडले तो आपल्या मुंबईकडचा एक वेटर होता. कप्तानाला पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली.

यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांचा सराव झालाच नव्हता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे, म्हणून तो दुसऱ्या दिवसावर ठेवला होता. कुठे जमायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. या दुर्घटनेनंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावा लागतो.

हे नियम ज्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत त्याला 'सोलास' म्हणतात. तोही एका दुर्घटनेतूनच जन्मला : १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली आणि १९१४ साली पहिला करार झाला. यातला एकेक नियम कुणाच्या तरी जिवाची किंमत देऊन आलेला आहे. म्हणून सरावाच्या वेळी "आम्हाला माहितीये हो सगळं" म्हणत बुफेच्या रांगेत उभे राहू नका. हल्ली अनेक जहाजांवर मोबाइलवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर चित्रफीत बघायची आणि मग आपल्या मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच काम असतं. पंधरा मिनिटं लागतात. घरातल्या एकानेच जाऊन यायचं नाही, आजी-आजोबांसकट सगळ्यांनी जायचं.

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

आता ताईंच्या घरच्या आठ जणांचाच हिशोब करू.

पहिलं : जमायची जागा केबिनवरून ठरते. तिचं अक्षर किंवा आकडा तुमच्या कार्डावर आणि केबिनच्या दारामागे छापलेला असतो. आठ जण म्हणजे निदान तीन केबिन, त्यामुळे सासू-सासऱ्यांची जागा वेगळी निघू शकते. चढल्याचढल्या तिन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा. वेगळी असतील तर स्वागतकक्षात जाऊन विचारा की एकत्र करता येईल का. नाही झालं, तर निदान कोण कुठे असणार हे सगळ्यांना ठाऊक असू द्या.

दुसरं : केबिनपासून जिन्यापर्यंत चालत जा, आणि मधली दारं मोजा. दोन्ही बाजूंनी. धूर झाला की दिवे असून दिसत नाही. तेव्हा भिंतीला हात लावून, वाकून, "सात दारं, मग जिना" एवढंच आठवावं लागतं. लिफ्ट वापरायची नाही. वीज गेली की ती मध्येच अडकते.

तिसरं : ज्येष्ठांचं. गुडघे दुखत असतील, चाकाची खुर्ची असेल, ऐकू कमी येत असेल, तर पहिल्याच दिवशी क्रूला सांगा. अशा प्रवाशांना जिन्यावरून न्यायला मदतीची माणसं नेमतात. आपल्याकडे हे सांगायला संकोच वाटतो. "सांभाळून घेऊ आम्ही," असं म्हणतो. पण आठ मजले जिन्याने उतरवायची वेळ येते तेव्हा मुलगा एकटा पुरत नाही.

चौथं : लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघा. जुन्या जहाजांवर ते केबिनमध्ये असतं, नव्यांपैकी अनेकांवर मस्टर स्टेशनवरच देतात. मुलांची जॅकेटं वेगळी असतात, तान्ह्यांची त्याहून वेगळी. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. केबिनमध्ये मुलांचं नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या. आणि एकदा घालून बघा, पट्टे घट्ट आवळून.

मुलगी खेळायच्या खोलीत असेल तर?

आता ताईंचा प्रश्न. भोंगा वाजला, मुलगी सहाव्या डेकवर, तुम्ही बाराव्या डेकवर. मन म्हणणार, आधी लेक.

पण क्षणभर जहाजाच्या बाजूने बघा. मुलांच्या खोलीत त्या वेळी समजा चाळीस मुलं आहेत. त्यांना कुठे न्यायचं, कोणी न्यायचं, हे तिथल्या क्रूचं ठरलेलं असतं. अनेक जहाजांवर मुलांच्या मनगटावर पट्टा बांधतात आणि त्यावर त्यांच्या मस्टर स्टेशनची खूण असते. क्रू मुलांना तिकडे घेऊन निघतो. आणि त्याच वेळी ऐंशी आईबाप जिन्यावरून उलट्या दिशेने चढू-उतरू लागले तर? जिना तुंबतो. तुम्ही खोलीपाशी पोचता तेव्हा ती रिकामी असते. मुलगी तुमच्या मस्टर स्टेशनवर "आई कुठाय?" म्हणून रडत असते आणि तुम्ही तिला सहाव्या डेकवर शोधत असता.

म्हणून उत्तर असं : सहसा शोधायला जायचं नाही, ठरलेल्या जागी जायचं. पण हे उत्तर भोंगा वाजल्यावर पाळता यावं म्हणून आधी काम करावं लागतं. पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून मुलीला त्या खोलीत पहिल्यांदा सोडताना तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. भोंगा वाजला तर तुम्ही मुलांना कुठे नेता? आमच्या जागी आणून देता की आम्ही कुठून घ्यायचं? तिच्या मनगटावरची खूण आमच्या कार्डाशी जुळते का? उत्तरं मिळाली की तुमचे पाय आपोआप योग्य दिशेला वळतील. ती तुमच्या हाताशी, डोळ्यांसमोर असेल तर अर्थातच तिला घेऊनच निघायचं.

थोरल्या मुलाचं वेगळं. तेरा-चौदा वर्षांची पोरं जहाजभर एकटी हिंडतात. त्यांना एकच वाक्य पाठ करून द्या : "केबिनकडे यायचं नाही, आम्हाला शोधायचं नाही, फोन लावत बसायचं नाही. सरळ आपल्या जागी."

याला आणखी एक कारण आहे. सगळे जमले आणि जॅकेटं घातली गेली, की जहाज सोडायचा हुकूम झाल्यापासून तीस मिनिटांत होड्या भरून पाण्यात उतरल्या पाहिजेत, असा नियम आहे. म्हणजे तीस मिनिटांची ती मोजणी सगळे जमल्यावरची आहे. तुम्ही जागेवर नसाल तर हजेरीत तुमचं नाव राहतं, आणि तुम्हाला शोधायला क्रूमधल्या कुणाला तरी धुरात जावं लागतं. त्या क्रूमध्ये गोव्याची, कोकणातली, वसईची पोरं कितीतरी असतात. त्यांचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

भोंगा वाजल्यावर

केबिनमध्ये असाल तर अंगावर गरम कपडे, पायांत बंद चपला किंवा बूट, रोजची औषधं, चष्मा आणि तिथे असेल तर जॅकेट घ्या. साडी असेल आणि वेळ असेल तर सलवार किंवा पँट घाला, कारण होडीत चढताना पदर आणि निऱ्या पायांत येतात. बॅगा, दागिन्यांचा डबा, लॅपटॉप तिथेच राहू द्या. दार गरम लागलं तर उघडू नका, केबिनमधल्या फोनवरून कळवा. बाहेर असाल आणि केबिन दूर असेल, तर परत जायचंच नाही.

वाटेत काही दारं आपोआप बंद झालेली दिसतील. ती आगीची दारं. कोंडलं गेलो असं वाटून घाबरू नका, ती हाताने ढकलून उघडतात आणि आपल्यामागे पुन्हा लागतात. मुलांना हे आधीच सांगा.

जागेवर पोचलात की हजेरी द्या, शांत राहा, एकाच बाजूला गर्दी करू नका. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट आणखी कलली, असं तेव्हाच्या आठवणींत सांगितलं जातं. बोट लहान असो वा मोठी, धावपळीने ती तरत नाही.

आणि भोंगा वाजलाच नाही, पण जहाज धडकल्यासारखं वाटलं, दिवे गेले, जमीन कलली तर? कॉन्कॉर्डियाचा धडा इथे आठवा. आरडाओरडा करायचा नाही, पण झोपायलाही जायचं नाही. घरच्यांना एकत्र करा, बूट घाला, औषधं खिशात टाका, आणि पुढची सूचना येईपर्यंत तयार राहा. तयारी फुकट गेली तर उत्तमच.

तर ताई, जहाजावर चढलात की पहिल्या संध्याकाळी, समोसे खायच्या आधी, आठही जणांना घेऊन आपल्या जागेपर्यंत एकदा चालत जा. सासूबाईंच्या चालीने जा, म्हणजे खरा वेळ कळेल. लेकीलाच पुढे करा, "चल, तू आम्हाला वाट दाखव" म्हणा. ती न चुकता घेऊन गेली, की समजा तुमची निम्मी काळजी मिटली. मग पुढचे दिवस समुद्र बघा, पत्ते खेळा, मनसोक्त फोटो काढा.

प्रवास सुखाचा होवो. भेटू पुढच्या भागात.