भुताची वही



आज कर्जाचा हप्ता नाही, शेळीपालनही नाही. आज भुतांबद्दल बोलू.

गेल्या सर्वपित्री अमावास्येला आमच्या एका गटाची बैठक होती. बाराजणींपैकी चौघीच आल्या. कारण विचारलं, तर वाटेवरच्या पिंपळावर मुंजा आहे म्हणे. आम्ही सहयोगिनी भूत मानत नाही. पण "भूतबित काही नसतं" म्हणून बाईला गप्प केलं, तर पुढच्या वेळी ती आपल्याला काहीच सांगणार नाही. म्हणून आम्ही एक वही घातली. जिला जो अनुभव आला तो तिने सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं नाही. विचारायचं एवढंच : स्वतः पाहिलं की ऐकलं? कुठे, कधी? त्या दिवशी झोप, जेवण, ताप, काळजी कसं काय होतं?

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की बहुतेक गोष्टी ऐकीव निघाल्या. "माझ्या चुलतसासूने पाहिलं होतं." चुलतसासूला विचारावं, तर तिला तिच्या नणंदेने सांगितलेलं.

पण काही अनुभव स्वतःचे होते, आणि सांगणाऱ्या बाया खोटं बोलत नव्हत्या. तिघींनी जवळपास एकच सांगितलं. पहाटे जाग आली, छातीवर कुणीतरी बसलेलं, हात हलेना, ओरडावं तर आवाज फुटेना. आपण म्हणतो, हडळ बसली. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हणतात, म्हातारी छातीवर बसली. म्हणजे हे सगळ्या जगात होतं. स्वप्न पडतं तेव्हा आपण उठून पळू नये म्हणून शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. स्वप्नही अर्धं चालूच असतं. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं हे चालतं, मग आपोआप सुटतं. झोप अपुरी असली, डोक्याला घोर असला, उताणं झोपलं, की हे जास्त होतं. कापणीच्या दिवसांत रात्री अकराला पडून पहाटे चारला उठणाऱ्या बाईला हे व्हावं, यात नवल काय?

दुसरा अनुभव चकव्याचा. एक आजी रात्री शेतातून निघाल्या आणि फिरून फिरून त्याच बांधावर आल्या. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हे तपासलं होतं. माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला, की नकळत वळत गेली, काही तर गोल फिरून आपल्याच वाटेवर आली. आजींना विचारलं, तेव्हा चांदणं होतं का? म्हणाल्या, "आभाळ भरलेलं होतं गं."

सगळंच उलगडलं असं मात्र नाही. एका मावशींना मध्यरात्री भावाची हाक ऐकू आली, आणि सकाळी तो गेल्याचा निरोप आला. आम्ही म्हटलं, मावशी, भाऊ आजारी होता, रोज त्याचाच विचार होता. ज्या रात्री भास झाला आणि निरोप आला नाही, त्या रात्री कुणी लक्षात ठेवत नाही. मावशी म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल. पण हाक मी ऐकली." आम्ही तसंच लिहून घेतलं. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

नुकसान कुठे होतं ते सांगतो. एका सभासद ताईंनी गटाकडे पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण काय, तर उतारा. सून बाळंत होऊन दहा दिवस झालेले. झोपत नव्हती, एकटीच बोलत होती, "हे बाळ माझं नाही" म्हणत होती. गावाने ठरवलं, अळवंत लागली. अळवंत म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. मैत्रिणींनो, बघा, बाई बाळंतपणात मरते, आणि वर भूतही तिलाच ठरवतात.

बैठकीत वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, तिची बचत आहे, देऊन टाका. शेवटी एकीने तोड काढली : कर्ज द्यायचं, पण आधी दवाखाना, मग उतारा. आशाताई सोबत गेल्या. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा बाळंतपणानंतरचा आजार आहे. हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. औषधाने बरा होतो, पण थांबायची सोय नाही, कारण आईच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका असतो. बाळ आजीने सांभाळलं. काही आठवड्यांत सून सावरली. नंतर ताईंनी नारळ उतरवून टाकलाच. आम्ही काही बोललो नाही.

उताऱ्याच्या नारळाने कुणी मरत नाही. वेळ गेल्याने मरतं, मारहाणीने मरतं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अनेक वर्षं ज्या कायद्यासाठी धडपड केली, तो २०१३ साली त्यांच्या खुनानंतर झाला. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं, हा त्यात गुन्हा आहे. अमकी बाई करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्किल करणं, साप किंवा विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हाही गुन्हा. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. वारी, भजन, कीर्तन, पूजा यांना या कायद्याचा काहीही अडथळा नाही.

तेव्हा कुणी "बाहेरचं लागलंय" म्हटलं, तर भांडत बसू नका. आधी बाईला विचारा : झोपतेस का, जेवतेस का, घरात काय चाललंय? अंगात आल्यावर सासरा सुनेच्या पाया पडतो. एरवी तिचं कुणी ऐकत होतं का, हेही बघा. बाळंतीण असेल तर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मनाच्या आजाराबद्दल १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं.

यंदाच्या सर्वपित्रीला बैठक तिथेच आहे. पिंपळापाशी सगळ्याजणी जमू आणि बॅटरी घेऊन एकत्र जाऊ. भूत असो नसो, त्या वाटेवर दिवा नाही, हे मात्र खरं आहे. त्याचा अर्ज ग्रामसभेत द्यायचा आहे. सह्या करायला या.

रामराम.