रेकॉर्डिंगला लावलेली वर्षं

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढची दहा-बारा वर्षं मराठी प्रेक्षकाने एक नियम निमूटपणे पाळला. कार्यक्रम लागेल त्या वेळी टीव्हीसमोर हजर राहायचं. पाहुणे येवोत, वीज जावो, मुलाला ताप येवो, ‘गजरा’ चुकला तर चुकला. घरातल्या रेकॉर्डरने हा नियम मोडला. आधी कॅसेटवर, मग हार्ड डिस्कवर, असा त्याचा चाळीसेक वर्षांचा प्रवास आता संपत आला आहे. डिजिटल रेकॉर्डर घराघरांतून निघून चालला असताना त्याने आपल्याला काय दिलं आणि काय अखेरपर्यंत हाती लागू दिलं नाही, याचा हिशेब मांडायला हवा.

सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये जपानच्या बाजारात आलं. आपल्याकडे व्हीसीआर दिसू लागले ते १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास, रंगीत टीव्हीच्या जोडीने. पुष्कळसे तर आखातातून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून आले. बहुतेकांसाठी व्हीसीआर म्हणजे एका रात्रीसाठी भाड्याने आणायचं आणि पहाटेपर्यंत सिनेमे बघायचं यंत्र होतं. ज्यांच्याकडे स्वतःचा होता, त्यांना मात्र त्याच्या लाल बटणाची किंमत कळली. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटवर ‘रामायण’चे भाग साठवले गेले, क्रिकेटचे सामने साठवले गेले. जपून ठेवायच्या कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाकायची, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. पुन्हा वापरायची झालीच, तर त्या खाचेवर सेलोटेप चिकटवायची. एवढ्या साध्या युक्तीने काय राखायचं आणि काय पुसायचं, हे घरातला माणूस स्वतः ठरवत होता.

या अधिकारासाठी अमेरिकेत कोर्टकचेरी झाली होती. घरी केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे चोरी, असा युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांचा दावा होता. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. एखादा कार्यक्रम आपल्या सोयीच्या वेळी बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं बेकायदा नाही, हे त्यातून ठरलं. एका न्यायाधीशाचं मत फिरलं असतं, तर पुढची सगळी यंत्रं कोणत्या रूपात आली असती, कोण जाणे!

आपल्याकडे व्हीसीआरचं रेकॉर्डिंग मागे पडलं ते डिजिटल प्रक्षेपणामुळे. २००३ मध्ये डिश टीव्हीने डीटीएच सेवा आणली, २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची मोफत सेवा आली, २००६ मध्ये टाटा स्काय आलं. केबलवाल्याच्या ग्राहकांनाही पुढे सेट-टॉप बॉक्स घ्यावाच लागला. मुंबईत ती मुदत ऑक्टोबर २०१२ अखेरची होती, पुणे, नागपूर, नाशिकमध्ये मार्च २०१३ अखेरची. आता चॅनेल निवडण्याचं काम बॉक्सकडे गेलं. व्हीसीआरला बॉक्सवर त्या घटकेला जे लागलं असेल तेवढंच मिळायचं. एक चॅनेल बघताना दुसरं रेकॉर्ड करण्याची सोय गेली. काही घरांनी डीव्हीडी रेकॉर्डर घेतले. त्यांच्या डिस्कवर चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग दोन तासांत संपायचं आणि डिस्क ‘फायनलाइझ’ केली नाही तर ती दुसऱ्या प्लेअरवर चालत नसे.

खरी वाट परदेशात आधीच सापडली होती. १९९९ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात टिवो आणि रिप्ले टीव्ही ही दोन यंत्रं लोकांसमोर आली. दोन्ही थेट हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग करणारी. भारतात ही कल्पना घराघरांत पोचवली ती ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या टाटा स्काय प्लसने. पाठोपाठ एअरटेलसारख्या इतर कंपन्यांचेही रेकॉर्डर आले. ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ने महाराष्ट्राला वेड लावलं होतं, ते नेमके हेच महिने. कार्तिकी गायकवाड जिंकली त्या पर्वातली गाणी पुन्हा पुन्हा ऐकायची असणाऱ्यांसाठी हा बॉक्स अगदी वेळेवर आला.

त्याचं काम समजून घेतलं की त्याच्या गुणदोषांचा उलगडा होतो. उपग्रहावरून येणारं चित्र आधीच दाबून लहान केलेलं, म्हणजे डिजिटल आकड्यांच्या प्रवाहाच्या रूपात असतं. बॉक्स तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. म्हणून रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपण यांच्या दर्जात फरक पडत नाही. व्हीएचएसचं धुरकट चित्र बघितलेल्यांना हा चमत्कारच वाटला. चालू चॅनेलही बॉक्स सतत डिस्कवर लिहीत राहतो, त्यामुळे थेट सामना मध्येच थांबवता येतो, मागे नेता येतो. जागेचा हिशेबही सोपा आहे. सेकंदाला चार मेगाबिटचा साधा प्रवाह धरला, तर तासाला सुमारे १.८ जीबी लागतात. एचडीसाठी आठ मेगाबिट धरले, तर ३.६ जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर साधे कार्यक्रम पावणेतीनशे तास मावतात आणि एचडी त्याच्या निम्मे.

निवड करताना दुकानदार मात्र फक्त डिस्कचा आकार सांगायचा. खरा प्रश्न ट्यूनरचा, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागाचा होता. दोन ट्यूनरचा बॉक्स एक कार्यक्रम रेकॉर्ड करताना दुसरा दाखवू शकतो, किंवा दोन रेकॉर्ड करताना आधी साठवलेला तिसरा. त्यासाठी छत्रीपासून बॉक्सपर्यंत दोन वायरी आणाव्या लागत, आणि सोसायटीत गच्चीवरून दुसरी वायर खाली घ्यायची म्हणजे सेक्रेटरींची परवानगी आली. पण ज्या घरात संध्याकाळी सात ते दहा मालिका, बातम्या आणि क्रिकेट यांची ओढाताण चालायची, तिथे दुसरा ट्यूनर म्हणजे घरातली शांतता होती.

वापरातले धडे हळूहळू मिळाले. मराठी मालिका वेळेवर सुरू होतेच असं नाही आणि रविवारचा महाएपिसोड ठरल्या वेळेला संपेलच याची खात्री नसे. म्हणून रेकॉर्डिंगला आधी-नंतर काही मिनिटं जास्तीची लावणं हा पहिला धडा. ‘सीरिज रेकॉर्डिंग’ लावलं की काही बॉक्स सकाळचं पुनःप्रक्षेपणही साठवायचे आणि डिस्क भरून जायची, म्हणून दर आठवड्याला यादी तपासणं हा दुसरा. मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल जातो, कारण केयू बँडच्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. जुलैतल्या मुंबईत रेकॉर्डिंगमध्ये मध्येच काळा पडदा यायचा तो त्यामुळे. लोडशेडिंगच्या वर्षांत ज्या गावांत संध्याकाळची वीज जायची, तिथे बॉक्स इन्व्हर्टरवर घेतल्याशिवाय रेकॉर्डिंगला लावून काही उपयोग नसे.

हे सगळं सांभाळूनही त्या बॉक्सने दिलेलं सुख मोठं होतं, आणि ते सर्वांत जास्त मिळालं घरातल्या बाईला. मालिकांची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ एकच. इतकी वर्षं तिने ओट्यापाशी उभं राहून निम्मे संवाद नुसते ऐकले होते. आता जेवणं आटोपल्यावर, भांडी आवरल्यावर, निवांत बसून पहिल्या दृश्यापासून मालिका बघता आली. तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिरातींची मुभा असलेल्या वाहिन्यांवर त्या पुढे ढकलल्या की अर्ध्या तासाचा भाग लवकर संपायचा आणि तिला झोपही मिळायची. २ एप्रिल २०११ ची वानखेडेवरची विश्वचषकाची अंतिम लढत दुपारी अडीचला सुरू झाली. त्या दिवशी कामावर गेलेल्या कितीतरी जणांनी रात्री तो सामना पहिल्या चेंडूपासून बघितला आणि धोनीचा षटकार नंतरही अनेकदा मागे नेऊन बघितला. आपल्या वेळेचं मालक होणं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं.

वेळ आपली झाली, पण साठवलेलं आपलं झालं नाही. ही या काळाची मोठी उणीव. बॉक्समधलं रेकॉर्डिंग सांकेतिक कुलुपात असतं आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सला आणि त्यात घातलेल्या कार्डाला बांधलेली असते. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तरी काही दिसत नाही. यूएसबीवर रेकॉर्डिंग घेणाऱ्या स्वस्त बॉक्समध्येही बहुधा हेच, तो पेनड्राइव्ह दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीने लहानपणी वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत म्हटलेलं गाणं तिच्या आजीने असंच जपलं होतं. बॉक्स बिघडला, दुरुस्तीला आलेल्या माणसाने नवा बसवला आणि जुना नेला. गाणं त्याच्याबरोबर गेलं. आजींनी पुष्कळ फोन केले, पण डेटा परत मिळत नाही, एवढंच उत्तर आलं. अशी किती गाणी, किती मुलाखती, एखाद्या शेतकऱ्याने कृषी कार्यक्रमात दिलेली किती माहिती बदललेल्या बॉक्सबरोबर गेली असेल, या विचाराने आजही वाईट वाटतं.

उलट उदाहरण फिलाडेल्फियाच्या मेरियन स्टोक्स यांचं आहे. या बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या अहोरात्र रेकॉर्ड केल्या. सुमारे ७०,००० कॅसेट मागे राहिल्या आणि त्या इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. वाहिन्यांनी स्वतः जे जपलं नाही, तेही त्यांच्या घरात राहिलं. कुलूपबंद बॉक्सवर हेच काम केलं असतं, तर आज त्यातलं काही उरलं नसतं.

२०१५ मध्ये हॉटस्टार आलं, २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, २०१८ मध्ये झी५ आलं. चुकलेला भाग मोबाइलवर मिळू लागला आणि रेकॉर्डिंगला लावायची सवय सुटली. बऱ्याच नव्या अँड्रॉइड बॉक्समध्ये तर रेकॉर्डिंगच नसतं. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं आणि तो रस्ताही बंद झाला. सोय वाढली यात शंका नाही, पण प्रक्षेपणाच्या हक्कांचा करार संपला की मालिका ॲपवरून एका रात्रीत नाहीशी होते आणि त्यावर प्रेक्षकाचं काही चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. डिजिटल रेकॉर्डर हे घरात आलेलं उत्तम यंत्र होतं आणि त्याने सामान्य प्रेक्षकाला वेळेचं स्वातंत्र्य दिलं. बघून पुसायच्या गोष्टींसाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही झालं नाही. जपायच्या गोष्टींसाठी मात्र त्याच्यावर विसंबण्यासारखं नव्हतं. घरात अजून असा बॉक्स चालू असेल आणि त्यात आपल्या माणसाचं काही असेल, तर तो बदलण्याआधी हालचाल करा. बऱ्याच जुन्या बॉक्सना पिवळी, लाल, पांढरी अशी एव्ही पिन असते. तिच्यातून डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा कॅप्चर कार्ड लावून कॉम्प्युटरवर चालू कार्यक्रमाची प्रत घेता येते. जितक्या लांबीचा कार्यक्रम, तितकाच वेळ लागतो, पण प्रत आपली होते. माळ्यावर व्हीएचएस कॅसेट असतील, तर दमट हवेने त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. चालू स्थितीतला व्हीसीआर आणि तो दुरुस्त करणारा माणूस, दोघेही दुर्मीळ होत चालले आहेत. म्हणून या पावसाळ्याआधी त्या खाली काढा, डिजिटल करून घ्या आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.