नाव कुणाचे, मंडळी कुणाची?

आमच्या संग्रामपूर भागात भाट अजूनही येतो. बासनात बांधलेली वही उघडतो, सात-आठ पिढ्यांची नावे एका दमात वाचतो, आणि कोणाचे घराणे कुठे फुटले, कोणता भाऊ कोणत्या गावी गेला, हे बोट ठेवून दाखवतो. इंग्लंडात पीट फ्रेम नावाच्या एका गृहस्थाने हाच उद्योग रॉक बँडच्या बाबतीत केला. 1970 नंतरच्या वर्षांत त्याने हाताने काढलेल्या या वंशावळी, ‘रॉक फॅमिली ट्रीज’, पुढे पुस्तकरूपाने आल्या आणि बीबीसीने त्यांवर मालिकाही केली. कोणता गिटारवादक कधी आला, कोणाशी बिनसले, बाहेर पडून त्याने कोणता बँड काढला, हे सारे बारीक अक्षरांत. त्या वंशावळी पाहताना मला राहून राहून आपल्या संगीत नाटक मंडळ्या आठवतात. तीच वही मराठीत लिहायची ठरवली तर काय दिसेल, याचा शोध म्हणजे हा लेख.

आधी इंग्रजी उदाहरण. ‘डीप पर्पल’ हा बँड 1968 साली हर्टफर्ड या गावी निघाला. पहिले पाच जण म्हणजे रॉड इव्हान्स, निक सिम्पर, जॉन लॉर्ड, रिची ब्लॅकमोर आणि इयन पेस. पुढच्याच वर्षी गायक इव्हान्स आणि बास वाजवणारा सिम्पर गेले. त्यांच्या जागी इयन गिलन व रॉजर ग्लोव्हर आले, आणि बँडची खरी कीर्ती या दुसऱ्या संचाची. 1973 मध्ये हे दोघेही गेले. 1975 मध्ये ब्लॅकमोर गेला, 1976 मध्ये बँडच मोडला. 1984 मध्ये दुसरा संच पुन्हा जमला. मग पुन्हा रुसवेफुगवे, पुन्हा ये-जा. 2002 मध्ये जॉन लॉर्ड निवृत्त झाला, 2022 मध्ये स्टीव्ह मॉर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड आला. पहिल्या दिवसापासून आजवर प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, ड्रम वाजवणारा इयन पेस. रसिक या संचांना मोटारगाडीच्या मॉडेलसारखे ‘मार्क एक’, ‘मार्क दोन’ असे आकडे देतात आणि कोणता मार्क श्रेष्ठ यावर तावातावाने भांडतात. आपल्याकडे भाऊराव की बालगंधर्व, यावर जुनी मंडळी भांडत, त्याच जातीचे हे भांडण.

किर्लोस्कर संगीत नाटक मंडळीला असे आकडे द्यायचे तर ‘मार्क एक’ 31 ऑक्टोबर 1880 चा. त्या दिवशी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. नाटककार, सूत्रधार आणि तालीम मास्तर असे सर्व काही अण्णासाहेब किर्लोस्कर. दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, कण्व बाळकोबा नाटेकर. सुरुवातीच्या या काळात शकुंतला करीत ते शंकरराव मुजुमदार. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

1882 साली मंडळीत भाऊराव कोल्हटकर आले आणि सगळा तोलच बदलला. त्याच वर्षी ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. भाऊरावांचा उंच, धारदार आवाज आणि ‘सौभद्र’ची शंभराहून अधिक पदे यांची अशी काही गाठ पडली की सुभद्रा म्हणजे भाऊराव हे समीकरणच झाले. मग 2 नोव्हेंबर 1885 रोजी अण्णासाहेब वारले, वय अवघे बेचाळीस. ज्याच्या नावाने मंडळी चालते तोच माणूस पाच वर्षांत गेला.

कोणत्याही हिशेबाने मंडळी इथे संपायला हवी होती. ती संपली नाही, याचे श्रेय मी दोन गोष्टींना देतो. एक म्हणजे हाताशी असलेली नाटके. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ ही कोणा एका नटाच्या मालकीची नव्हती. नट बदलला तरी पद तेच, प्रसंग तोच. दुसरी गोष्ट म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. अण्णासाहेबांचे हे बेळगावचे विद्यार्थी. त्यांनी ‘मृच्छकटिक’ दिले, 1899 मध्ये ‘शारदा’ दिले, आणि त्याहून मोठे काम म्हणजे तालीम दिली. आमच्याकडच्या भजनी मंडळांत हे रोज दिसते. जुना पेटीवाला गेला, मृदंगावरचा हात बदलला, तरी चाली शिकवणारा एक म्हातारा शाबूत असेल तर मंडळ तेच राहते. देवल हे किर्लोस्कर मंडळीचे असे शाबूत राहिलेले माणूस.

नाटक मंडळीत संच बदलण्याचे एक कारण असे होते, जे रॉक बँडला कधी भोवले नाही. स्त्रीभूमिका पुरुष करीत, आणि पुरुषाला स्त्री म्हणून उभे राहण्याचे दिवस मोजके असतात. आवाज फुटतो, अंग भरते. स्वतः भाऊरावही पुढे पुरुषभूमिकांकडे वळले. ‘शारदा’त त्यांनी कोदंड केला. 13 फेब्रुवारी 1901 रोजी ते गेले तेव्हा तेही चाळिशीच्या आतच होते. म्हणजे मंडळीला दर दहा-पंधरा वर्षांनी नवी शकुंतला शोधावीच लागे. 1905 मध्ये ती मिळाली: नारायण श्रीपाद राजहंस, वय सतरा, मिरजेला शकुंतलेच्या भूमिकेत. समोर नायक म्हणून नानासाहेब जोगळेकर. हा माझ्या मते मंडळीचा सर्वांत भरीव संच. त्याचे शिखर 12 मार्च 1911, मुंबई. खाडिलकरांचे ‘मानापमान’, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, धैर्यधर जोगळेकर, भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती, आणि प्रयोग झाला.

त्याच वर्षी जोगळेकर गेले आणि वाद सुरू झाले. आता मंडळीची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते शंकरराव मुजुमदार, म्हणजे पहिल्या काळातली शकुंतला. जुलै 1913 मध्ये त्यांच्या मंडळीतून नवी शकुंतला बाहेर पडली. बालगंधर्व एकटे गेले असते तर तालीम देऊन आणखी एक आवाज उभा करता आला असता. भाऊरावांनंतर तसे झालेच होते. पण त्यांच्याबरोबर गणपतराव बोडस गेले, आणि चाली बांधणारे टेंबेही गेले. पुढे खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ 1916 मध्ये आले ते नव्या मंडळीकडे, भास्करबुवा बखल्यांच्या चाली घेऊन. गाणारा, चाल देणारा आणि लिहिणारा असे तिघेही एका बाजूला गेल्यावर जुन्या घरात उरते ते नाव, पडदे आणि पेट्या. किर्लोस्कर मंडळीने तरीही हिंमत सोडली नाही. दीनानाथ मंगेशकर तिथेच पुढे आले. पण 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनीही ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. वंशावळीत दुसरी फांदी फुटली.

इथे एक फरक नोंदवला पाहिजे. 1980 साली डीप पर्पलचा पहिला गायक रॉड इव्हान्स नवे वादक जमवून ‘डीप पर्पल’ याच नावाने अमेरिकेत कार्यक्रम करू लागला. मूळ बँडच्या व्यवस्थापकांनी त्याला कोर्टात खेचले. सहा लाख डॉलरहून अधिक दंड बसला आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकांच्या मानधनावरचा हक्कही गेला. आपल्याकडे 1913 मध्ये बाहेर पडणाऱ्यांनी किर्लोस्करांचे नाव मागितले नाही. नवे नाव घेतले ‘गंधर्व’, म्हणजे खुद्द नटाचेच.

माझ्या मते मंडळीचे पुढचे सारे भवितव्य या नावात दडले होते. किर्लोस्कर हे दिवंगत माणसाचे नाव होते. ते कोणत्याही जिवंत नटाला चिकटलेले नव्हते, म्हणून भाऊराव गेले तरी पाटी तशीच राहिली. ‘गंधर्व’ मंडळीत मात्र टेंबे आणि बोडस हे दोन्ही भागीदार कालांतराने वेगळे झाले आणि उरले एकटे बालगंधर्व. साथीला अहमदजान थिरकवा, कादरबक्ष असे जबरदस्त लोक. पण तिथे दुसरी भामिनी उभी करायची सोयच नव्हती, कारण प्रेक्षक नाटकाला येत नसत, गंधर्वांना येत. 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले तेव्हा जुनी मंडळी थांबलेलीच होती. पुढे गोहरबाई कर्नाटकी आल्या, पुन्हा प्रयोग झाले, आणि बालगंधर्व उतारवयातही लुगडे नेसून उभे राहिले. इंग्रजी बँडमधला इयन गिलन वय झाल्यावर उंच किंकाळीचे ‘चाइल्ड इन टाइम’ गायचे टाळू लागला, बँडने ते गाणेच कार्यक्रमातून काढले. बालगंधर्वांना पद काढून टाकायची मुभा कोण देणार?

याच्या उलट ललितकलादर्श. केशवराव भोसल्यांनी 1908 मध्ये हुबळीला ही मंडळी काढली आणि नाव ठेवले ते कोणा माणसाचे नव्हे. केशवराव 1921 मध्ये गेले, वय एकतीस. मंडळी बापूराव पेंढारकरांनी चालवली. 1937 मध्ये तेही गेले, आणि ती थांबली. पाच वर्षांनी बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ ही या तिसऱ्या पर्वातली नाटके. आता स्त्रीभूमिका स्त्रियाच करीत होत्या. गायकी बदलली, नट बदलले, प्रेक्षकही बदलला. संस्थेने शंभरी गाठली.

‘फ्लीटवूड मॅक’चे नाव याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1967 मध्ये बँड काढला पीटर ग्रीनने, पण नाव दिले ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवूड आणि बासवाला जॉन मॅकव्ही यांचे. 1970 मध्ये ग्रीन निघून गेला. गायक-गिटारवाले येत-जात राहिले आणि मागे बसून ठेका धरणारे हे दोघे दशकानुदशके तिथेच. आपल्याकडे कोणा तबलजीच्या नावाने मंडळी निघाल्याचे मला आढळले नाही.

माझी मराठी वंशावळ जवळजवळ पुरी झाली आहे, फक्त एक चौकोन कुठे काढावा ते ठरत नाही. 8 जुलै 1921, मुंबई, बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नट एकाच रंगमंचावर. तिकिटांसाठी मुंबई लोटली होती. हा संच ना गंधर्वांचा ना ललितकलादर्शचा, आणि पुढे तो वाढणेही शक्य नव्हते. 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव गेले. तूर्त मी तो दोन फांद्यांच्या मध्ये पेन्सिलने काढून ठेवला आहे.