प्युजो ९एक्स८ : आधी बिनपंखाची, मग पंखाची

प्युजो ९एक्स८ ही दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींसाठी फ्रान्समध्ये घडवलेली गाडी आहे. ल माँची २४ तासांची शर्यत आणि जागतिक एन्ड्युरन्स अजिंक्यपद मालिका यांतल्या सर्वांत वरच्या ‘हायपरकार’ गटात ती धावते. ६ जुलै २०२१ रोजी ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा पाहणाऱ्यांची नजर तिच्या शेपटीकडे गेली. तिथे पंख नव्हता. शर्यतीच्या गाडीमागे आडवी विंग असणे तोवर इतके गृहीत धरले जात होते की, ती जागा रिकामी पाहून कंपनीने काही भाग झाकून ठेवला असावा, असा संशय कोणालाही यावा. कंपनीला मात्र या रिकाम्या जागेचा अभिमान होता. मागचा पंख आम्हाला नकोच होता, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तिने गाडीच्या शेपटीवर छापूनच टाकले होते. २५ मार्च २०२४ रोजी त्याच नावाच्या गाडीची नवी आवृत्ती जाहीर झाली. तिच्या मागे पूर्ण रुंदीचा पंख होता आणि बॉडीचे सुमारे ९० टक्के भाग बदललेले होते.

आपल्याकडे प्युजो हे नाव आठवते ते नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यात प्रीमियरबरोबर बनलेल्या ३०९ या मोटारीमुळे. शर्यतीच्या जगात मात्र या कंपनीचे खाते जुने आणि भक्कम आहे. ९०५ या गाडीने १९९२ आणि १९९३ साली ल माँ जिंकले, दुसऱ्या वेळी तर पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. २००९ मध्ये डिझेलवर चालणाऱ्या ९०८ ने पुन्हा विजय मिळवला. ९एक्स८ हा याच घराण्यातला पुढचा गडी. २.६ लिटरचे दोन टर्बोंचे व्ही६ इंजिन मागची चाके फिरवते, तर २०० किलोवॉटची विजेची मोटर पुढची चाके. दोन्हींची मिळून ताकद नियमांनी ५०० किलोवॉटच्या आसपास बांधलेली आहे आणि गाडीचे मूळ किमान वजन १०३० किलो ठरलेले आहे.

पंख नसणे म्हणजे नेमके काय सोडून देणे, हे समजण्यासाठी गाडी रस्त्याला कशी चिकटून राहते ते पाहावे लागते. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात हवा गाडीला उचलू पाहते. तिला उलट खाली दाबून धरणाऱ्या बलाला डाउनफोर्स म्हणतात. ते मिळवण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे पंख. विमानाचा पंख उलटा बसवला की तो उचलण्याऐवजी दाबतो. दुसरा मार्ग गाडीच्या तळाचा. तळ आणि रस्ता यांच्यामधल्या अरुंद फटीतून हवा वेगाने पळते, तिचा दाब घटतो आणि वरच्या हवेचा जास्त दाब गाडीला खाली ढकलतो. मागच्या बाजूला तळ हळूहळू वर चढत जातो. या चढाला डिफ्यूझर म्हणतात. हवेला पसरायला जागा देऊन तो फटीतला प्रवाह वेगवान ठेवतो. तळाचा फायदा असा की त्याला वाऱ्याचा अडथळा, म्हणजे ड्रॅग, फारच थोडा मोजावा लागतो. तोटा असा की सारा खेळ काही मिलिमीटरच्या फटीवर चालतो. गाडी उसळली, फट कमीजास्त झाली, की बळही कमीजास्त होते. पंख उंचावर, मोकळ्या हवेत असतो. त्याला या हेलकाव्यांची तेवढी फिकीर नसते.

गाडीच्या शेपटीने भल्याभल्यांना पाणी पाजल्याचे दाखले जुने आहेत. पोर्शची ९१७ ही गाडी १९६९ मध्ये आली तेव्हा सरळ रस्त्यावरही इतकी डगमगत असे की चालक तिला टाळू पाहत. त्या वर्षी ऑस्ट्रियात चाचणी चालू असताना जॉन हॉर्समन या इंजिनिअरच्या लक्षात आले की गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे चिरडून चिकटली आहेत, पण मागचा भाग स्वच्छ आहे. चिलटे जिथे पोचत नाहीत तिथे हवाही पोचत नसणार. मग तिथेच अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी उंच केली आणि गाडी एकदम वळणावर आली. १९७० मध्ये याच उंच शेपटीच्या ९१७ ने पोर्शला ल माँचे पहिले विजेतेपद मिळवून दिले. पवनबोगद्यातल्या आकड्यांपेक्षा चिरडलेल्या चिलटांनी जास्त शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

९एक्स८ च्या कर्त्यांना बिनपंखाची मुभा मिळाली ती हायपरकारच्या नियमांमुळे. खर्च आवाक्यात राहावा म्हणून या नियमांनी डाउनफोर्सला वरची मर्यादा घातली आणि ड्रॅगला खालची. दोन्हींचे प्रमाण ढोबळपणे चारास एक. युरोपातल्या गाड्यांचे हे मोजमाप स्वित्झर्लंडमधल्या हिनविल येथील झाउबर या शर्यतसंघाच्या पवनबोगद्यात होत असे. ठरल्यापेक्षा जास्त डाउनफोर्स कमावून काही उपयोगच नसेल, तर तो पंखाने आणायचा की तळाने, हा प्रश्न आवडीचा उरतो. प्युजोने तळ निवडला, आणि पंखाविना आलेल्या मोकळ्या रेषांवर कंपनीच्या डिझाइन विभागाने मनसोक्त हात फिरवला. ओरखड्यांसारखे तीन तिरके दिवे, सपाट पाठ, धारदार कडा. हायपरकार गटात एवढी देखणी गाडी दुसरी नव्हती, आणि हे प्युजोच्या प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नसे.

पण या आराखड्याचा पाया तळात नव्हता, टायरांत होता. नियम ठरले त्या वेळी चारही चाकांना ताकद देणाऱ्या हायब्रिड गाड्यांना पुढे-मागे सारखेच, ३१ सेंटिमीटर रुंदीचे टायर अपेक्षित होते. टायर सारखे म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांवर येणारे वजन जवळजवळ सारखे हवे, आणि हवेचा दाबही त्याच हिशेबाने वाटलेला हवा. गाडीच्या मधोमध पसरलेला तळ असा समतोल सहज देऊ शकतो. मागे खास जास्त दाब लागणार नसेल, तर पंखाचे तिथे कामच नाही.

पुढे हिशेब बदलला. मागच्याच चाकांवर चालणाऱ्या एलएमडीएच प्रकारच्या गाड्या त्याच गटात येणार होत्या, आणि दोन्ही प्रकारांना एका पातळीवर आणण्यासाठी पुढच्या मोटरवर वेगाचे बंधन घातले गेले. ठरावीक वेग गाठेपर्यंत ती वापरताच येत नाही. मग वळणातून बाहेर पडताना सगळी मदार मागच्या टायरांवर येते. अशा वेळी पुढे २९ आणि मागे ३४ सेंटिमीटरचे टायर जास्त कामाचे ठरतात. टोयोटाने २०२२ मध्ये तो मार्ग धरला. फेरारीची ४९९पी २०२३ मध्ये त्याच मापांवर आली. एकदा मान्यता मिळालेल्या गाडीचा आकार गोठवला जातो, त्यामुळे ३१-३१ वर उभी असलेली प्युजो एकटी पडली.

जुलै २०२२ मध्ये इटलीतल्या मोंझा येथे ९एक्स८ पहिल्यांदा शर्यतीत उतरली. तिची खरी परीक्षा मार्च २०२३ मध्ये सेब्रिंगला झाली. फ्लोरिडातला हा ट्रॅक दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विमानतळावर आहे, आणि धावपट्टीच्या जुन्या काँक्रीटच्या लाद्या आजही त्याचा भाग आहेत. लादीच्या प्रत्येक सांध्यावर गाडी उसळते. तळाच्या फटीवर जगणाऱ्या गाडीला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही, आणि प्युजोची तिथे दैना झाली. जूनमध्ये ल माँच्या शतकमहोत्सवी शर्यतीत मात्र रात्री पाऊस आला आणि काही काळ प्युजो सर्वांच्या पुढे होती. जुलैमध्ये मोंझाच्या वेगवान ट्रॅकवर तिसरा क्रमांक मिळाला. चांगले दिवस आले नाहीत असे नाही, पण ते ट्रॅकच्या आणि हवामानाच्या मर्जीवर येत.

म्हणून २०२४ च्या बदलांची सुरुवात पंखापासून झाली, असे समजणे चूक ठरेल. आधी टायर बदलले. पुढे २९, मागे ३४. त्यामागोमाग वजन मागे सरकवावे लागले. वजन मागे गेले, तसा हवेचा दाबही मागे न्यावा लागला, आणि तळाला हे एकट्याने जमणारे नव्हते. पंख आला तो या साखळीच्या शेवटी. एकूण डाउनफोर्सची मर्यादा तशीच असल्याने पंखाने दिलेला दाब दुसरीकडून वजा करणे भाग होते, म्हणजे तळाचा वाटा घटवावा लागला. एका जागी हात घातला की दुसरी जागा हलते. नाक, पुढची मडगार्डे, बगला, पाठ, रुंद टायर सामावणाऱ्या मागच्या कमानी, सगळेच पुन्हा आखावे लागले ते यामुळे. कार्बन फायबरचा मूळ सांगाडा, इंजिन आणि हायब्रिड यंत्रणा कायम राहिली. मान्यता मिळाल्यावर असे बदल मोजकेच करता येतात, त्यांना ‘जोकर’ म्हणतात. 

डिझाइनकारांनी तीन ओरखड्यांचे दिवे जपले, त्यामुळे समोरून गाडी ओळखू येते. मागून पाहिले तर ती इतर हायपरकारच्या रांगेत जाऊन बसली आहे. देखणेपण थोडे कमी झाले, हे मान्य करायलाच हवे. कामाच्या दृष्टीने मात्र सौदा वाईट नव्हता. पंखाचा कोन बदलून ट्रॅकप्रमाणे पुढचा-मागचा तोल जुळवता येतो, आणि गाडी उसळली तरी तो तोल पूर्वीइतका बिघडत नाही.

जुन्या बॉडीने निरोप घेतला तोही चटका लावून. २ मार्च २०२४ रोजी कतारच्या लुसैल ट्रॅकवरच्या शेवटच्या शर्यतीत ९३ क्रमांकाची गाडी दुसऱ्या स्थानावर होती, आणि अगदी अखेरीस तिचे इंधन संपले. पंखाची गाडी एप्रिलमध्ये इमोला येथे उतरली. तिने लगेच चमत्कार केला नाही. त्या वर्षी ल माँला दोन्ही गाड्या पहिल्या दहांच्या बाहेर राहिल्या. वर्षअखेरीस बहरीनमध्ये तिसरा क्रमांक आला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जपानमधल्या फुजी ट्रॅकवर ९३ क्रमांकाची गाडी दुसरी आली. त्या दिवशी तिच्या पुढे होती ती फ्रान्सचीच आल्पीन.