थोडं खा, घडीघडी खा

आमच्या झरी जामणी भागात घरचं म्हातारं माणूस दवाखान्यातून परत आलं, की सगळे त्याच्या ताटात जास्तच वाढतात. म्हणतात, "बाबा, पोटभर जेवा. नाहीतर ताकद कशी येईल?" माया खरी असते. पण जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पोटभर जेवण सोसत नाही. असे का, ते आपण पाहू.

जठर म्हणजे पोटातली अन्नाची पिशवी. खाल्लेले अन्न तिच्यात साठते आणि थोडे थोडे आतड्यात उतरते. कॅन्सर झाल्यावर डॉक्टर या पिशवीचा काही भाग, कधी सगळी पिशवी, काढून टाकतात. १८८१ साली व्हिएन्ना शहरात बिलरोथ नावाच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. ती रोगी बाई पुढे चारच महिने जगली. आज रोग वेळेवर सापडला तर माणसे पुष्कळ वर्षे जगतात. म्हणून ती वर्षे सुखाची कशी जातील, हे घरच्यांनी पाहिले पाहिजे.

कोठी लहान झाली, तर तिच्यात सगळे पोते एकदम कसे मावेल? दोन-तीन वेळा भरपूर जेवण्याऐवजी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्यावे. मऊ भात, वरण, अंडे, दही द्यावे. घास बारीक चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे. गूळ, साखर, गोड चहा बेतानेच घ्यावा. गोड पदार्थ झटकन आतड्यात गेला, की छाती धडधडते, घाम येतो, भोवळ येते, जुलाब होतात. अशा वेळी उशी उंच करून थोडे पडून राहावे.

आणखी एक गोष्ट. बी-बारा हे जीवनसत्त्व अंगी लागायला जठराची मदत लागते. सगळे जठर काढले, की ही मदत थांबते. रक्त कमी होते, पायांना मुंग्या येतात. हे लगेच नाही, वर्षा-दोन वर्षांनी दिसते. म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तसे बी-बाराचे इंजेक्शन जन्मभर घ्यावे. सारखी उलटी, काळा शौच, गिळायला त्रास किंवा घटत जाणारे वजन दिसले, तर लगेच दवाखाना गाठावा.

बाबांनी अर्धी भाकर खाऊन ताट सरकवलं, तर सूनबाईने वाईट वाटून घेऊ नये. रागावूही नये. दोन तासांनी पुन्हा विचारावं, "बाबा, थोडं खाता का?" खरी माया ती हीच.