घरातील स्मार्ट दिवे : हब जोडला जात नाही तेव्हा



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सेनंतर पेडणे तालुक्यातील एक मावशी डाव्या हाताला प्लास्टर घालून माझ्याकडे आल्या. मध्यरात्री गाय व्यायला आली म्हणून त्या उठल्या होत्या. गोठ्यातला दिवा मोबाईलवरून लागायचा. त्यांनी मोबाईल दाबून पाहिला, दुबईतल्या मुलाला उठवून त्यालाही तिकडून दाबायला सांगितले, पण दिवा काही लागला नाही. शेवटी मोबाईलचाच उजेड पुढे धरून त्या निघाल्या आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडले. "फादर, वासरू बरे आहे. पण तो डबा घरातून काढून टाकू की ठेवू, तेवढे सांगा," असे त्यांचे म्हणणे.

तो डबा म्हणजे हब. आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या घरांतही आता तो दिसू लागला आहे. मुले आखातात नाहीतर आगबोटीवर, इथे आईवडील एकटे. मुलगा सुट्टीवर येताना दिवे व हब घेऊन येतो, चार दिवसांत सारे बसवतो आणि परत जातो. तो घरात असेपर्यंत सर्व ठीक चालते. बिघडते ते तो गेल्यावर, आणि बहुधा पावसात. म्हणून या खेपेस या पानावर भाताच्या रोगांऐवजी हबविषयी लिहीत आहे.

प्रथम हब काय करतो ते समजून घ्यावे. अशा घरांतील बल्बांना बहुधा वाय-फाय कळत नाही. त्यांना कळते ती झिग्बी नावाची, कमी ताकदीची, थोड्या अंतरावर पोहोचणारी बिनतारी भाषा. हब दोन्ही भाषा जाणतो. राऊटरकडून आलेला निरोप तो झिग्बीतून बल्बाला सांगतो. म्हणजे मोबाईल, राऊटर, हब आणि बल्ब अशा चार हातांतून निरोप जातो. मुलगा दुबईहून बटण दाबतो तेव्हा तो कंपनीच्या दूरच्या संगणकावरून फिरून येतो. यातला एक हात जरी सुटला तरी दिवा लागत नाही, आणि दोष मात्र हबला मिळतो, कारण तांबडा दिवा त्याच्यावर लुकलुकत असतो.

मंगळवारी मी मावशींच्या घरी गेलो. इंटरनेट चालू होते. त्या रोज संध्याकाळी मोबाईलवर तेर्स लावतात, तोही नीट ऐकू येत होता. त्यामुळे राऊटरची शंका कोणालाच आली नव्हती. परंतु राऊटर मला फारच कोरा दिसला.

"मावशी, हा नवा वाटतो."

"हो फादर. त्या विजांच्या रात्री जुना जळला. आठ दिवस झाले. माणूस येऊन नवा लावून गेला. माझ्या मोबाईलवर नवा पासवर्डही त्यानेच घालून दिला."

मोबाईलला नवा पासवर्ड मिळाला, हबला कोणी सांगितलाच नाही! बिचारा आठ दिवस जुन्या राऊटरला नावाने हाक मारीत बसला होता. पुष्कळ घरांत हेच घडते. राऊटर बदलला, किंवा शेजारचे कोणी फुकट वापरते म्हणून पासवर्ड बदलला, की हब आणि वाय-फायवर चालणाऱ्या सर्व वस्तू तुटतात. यावर सोपा उपाय असा की, नव्या राऊटरला जुन्याच वाय-फायचे नाव व जुनाच पासवर्ड द्यावा. अक्षर लहान की मोठे, मध्ये जागा आहे की नाही, हे सर्व तंतोतंत तेच हवे. सुरक्षेचा प्रकारही पूर्वीचाच, बहुधा डब्ल्यूपीए-२, ठेवावा, कारण नव्या राऊटरवर नुसता डब्ल्यूपीए-३ लावला तर कित्येक जुन्या हबांना तो उमगत नाही. मावशींच्या मुलाने फोनवर जुने नाव व पासवर्ड सांगितला, मी राऊटरमध्ये तो घातला आणि पाचेक मिनिटांत हबचा तांबडा दिवा गेला. नव्याने काही जोडावे लागले नाही.

ओसरीवरचा आणि स्वयंपाकघरातला दिवा आता लागू लागला, पण गोठ्यातला अजून मुकाच. मग ध्यानात आले की मधल्या पडवीच्या बल्बाचे भिंतीवरचे बटण बंद आहे. वीज वाचावी म्हणून मावशी ते रोज रात्री बंद करतात. सवय चांगलीच आहे, परंतु झिग्बीचे विजेवर चालणारे बल्ब एकमेकांचे निरोप्ये असतात. हबचा निरोप पडवीचा बल्ब उचलतो आणि पुढे गोठ्याला देतो. पडवीच्या बल्बाची वीजच तोडली तर गोठा ऐकणार कसा? ते बटण चालू करून थोडा वेळ थांबलो आणि गोठ्यात उजेड पडला. मावशी म्हणाल्या, "एवढ्यासाठी माझा हात मोडला होय!"

आता ज्यांचा हब पहिल्यापासूनच जोडला जात नाही त्यांच्यासाठी. अशा वेळी बहुतेकदा मूळ कारण वाय-फायच्या दोन पट्ट्यांत असते. आजचे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात आणि पुष्कळदा दोन्हींना एकच नाव असते. ५ ची पट्टी वेगवान, पण तिची धाव थोडी. २.४ ची मंद, पण ती लांब जाते आणि भिंतीतूनही अधिक पार होते. वाय-फायवर चालणारे बरेचसे हब केवळ २.४ वरच बोलतात. मोबाईल मात्र राऊटरजवळ असला की ५ पकडतो, आणि हब जोडताना काही ॲप दोघांना एकाच पट्टीवर मागतात. तेव्हा राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, किंवा हब जोडून होईपर्यंत ५ ची पट्टी बंद ठेवावी. राऊटर ज्याने बसवला त्याला सांगितले तर हे काम दोन मिनिटांचे आहे. 'गेस्ट' म्हणून जे पाहुण्यांचे वाय-फाय असते त्यावर हब जोडू नये. तिथे एक वस्तू दुसरीला दिसत नाही.

जोडणी चालू असताना मोबाईलचा डेटा बंद ठेवावा. हब काही क्षण स्वतःचे तात्पुरते वाय-फाय उभे करतो. त्यात इंटरनेट नाही असे पाहून मोबाईल आपल्या हुशारीने परत डेटावर उडी मारतो आणि जोडणी अर्धवट राहते. आखातात राहून आलेल्यांच्या मोबाईलवर बरेचदा व्हीपीएन असते, तेही बंद करावे. ॲप लोकेशनची किंवा जवळच्या उपकरणांची परवानगी मागते तेव्हा आपली माणसे भीतीने 'नको' दाबतात. भीती रास्त आहे, परंतु त्या परवानगीवाचून मोबाईलला हब सापडतच नाही. जोडणी झाल्यावर ती काढून घेता येते.

आपली जुनी घरे चिऱ्याची. हात-दीड हात जाडीच्या भिंती, आणि आषाढात त्या पाणी पितात. पाणी या लहरींना शोषून घेते, म्हणून जो हब मे महिन्यात माळ्यावरून गोठ्यापर्यंत पोहोचत होता तो जुलैत पोहोचेलच असे नाही. हब पत्र्याच्या कपाटावर किंवा फ्रीजमागे ठेवू नये. राऊटरला अगदी चिकटूनही नको, कारण दोघे २.४ च्याच पट्टीत बोलत असल्यामुळे एकमेकांच्या बोलण्यात अडथळा येतो. तीनचार हातांचे अंतर बरे.

वीज जाऊन आली की हब जोडत नाही, ही तक्रार पावसात नेहमीची. राऊटर आणि फायबरची पेटी जागी व्हायला काही मिनिटे घेतात. हब त्याआधी उठतो, कोणी दिसत नाही म्हणून गोंधळतो. अशा वेळी तिन्ही बंद करून आधी फायबरची पेटी, मग राऊटर आणि इंटरनेट आल्याची खात्री झाल्यावर शेवटी हब लावावा. पेटीवर 'एलओएस' असा तांबडा दिवा असेल तर बाहेर कुठेतरी फायबर तुटले आहे, फांदी पडली असेल. तिथे हबला हात लावण्यात अर्थ नाही. विजा चमकू लागल्या की तिघांचेही प्लग काढावेत. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळतात का ते पाहावे.

आणि एक विनंती. हबचे 'रीसेट' बटण पिनेने दाबण्याची घाई करू नये. बंद करून पुन्हा चालू करणे वेगळे, रीसेट वेगळे. रीसेट केले की हब आपले सर्व बल्ब व वेळापत्रके विसरतो. हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घरातील हब एकदा रुसला तेव्हा मी अधीर होऊन दहा सेकंद पिन दाबून धरली, आणि मग बारा बल्ब स्टुलावर चढून एकेक करून पुन्हा जोडले. दोष राऊटरच्या अडॅप्टरमध्ये होता!

परदेशातून आणलेल्या सामानाविषयी थोडे. अमेरिका-कॅनडाचे बल्ब १२० व्होल्टचे असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, तेव्हा ते लावताच जळतात. झेड-वेव्ह प्रकारचा हब असेल तर त्याची लहर देशागणिक वेगळी असते, तिथला हब आणि इथला बल्ब जुळत नाहीत. हब दुबईच्या वेळेवर राहिला तर आमोरीला लागायचा दिवा दीड तास उशिरा लागतो, कुवेतच्या वेळेवर राहिला तर अडीच तास. तो बिघाड नव्हे. ॲपमध्ये घराचा पत्ता गोव्याचा घातला की झाले.

कोंबड्या पाळणाऱ्यांपैकी काहींनी खुराड्यातील दिवे हबवर टाकले आहेत. माझ्या मते ते चुकीचे आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाचा व दिव्याचा मिळून सुमारे सोळा तास उजेड नियमाने लागतो. तो मध्येच चारदोन दिवस तुटला तर अंडी घटतात, कधी पिसेही गळू लागतात. तिथे आत बॅटरी असलेला साधा टायमर लावावा. त्याला वाय-फाय लागत नाही, पासवर्ड लागत नाही, वीज गेली तरी वेळ विसरत नाही.

मावशींच्या घरातील खरी चूक मला वेगळीच वाटली. "चुकून कोणी बंद करील" म्हणून गोठ्याच्या बल्बाचे भिंतीवरचे बटण काढून वायर थेट जोडली होती. असे कधीही करू नये. हबवरचे बहुतेक बल्ब असे बनवलेले असतात की भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा चालू केले की ते आपोआप पेटतात, मग हब असो वा नसो, इंटरनेट असो वा नसो. फक्त ॲपमध्ये वीज परत आल्यावर बल्बाने काय करावे हा जो पर्याय असतो तो 'चालू' असाच असावा. काहींनी तो 'आधी होता तसा' असा करून ठेवलेला असतो, तो आजच दिवसाउजेडी तपासून घ्यावा. हे बटण असते तर मावशींना त्या रात्री दोनदा टिचकी मारणे पुरले असते. जिने, पायऱ्या, विहीर, संडास, गोठा या वाटांवरच्या प्रत्येक दिव्याला हाताचे बटण हवेच.

प्रश्न फक्त घसरण्याचा नाही. पावसात घोणस आणि फुरसे पायवाटेवर येतात, मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. अंधारात पाय टाकला आणि काही टोचले असे वाटले तर चिरू नये, करकचून बांधू नये. तो अवयव न हलवता १०८ ला फोन करून सरकारी इस्पितळ गाठावे. विषावरचे औषध तिथेच मिळते.

मावशींचा डबा काढला नाही. वायरमनने स्वयंपाकघराच्या दाराशी, हात पोहोचेल असे गोठ्याचे बटण पुन्हा बसवले, पडवीच्या बटणावर मुलाने सांगितल्याप्रमाणे चिकटपट्टी लावली, आणि दाराच्या खिळ्याला एक विजेरी टांगली. नवा पासवर्ड बदलावा लागलाच तर कोणाकोणाला सांगायचे, ती यादी राऊटरखाली कागदावर ठेवली आहे. तिच्यात हबचे नाव पहिले आहे.

ज्यांचा हब अडला असेल त्यांनी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मोबाईल आणि राऊटरच्या मागच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन यावे. हब मात्र घरीच ठेवावा, इथे आणून त्याचा उपयोग नाही.